कानाचं ऐकायचं नाही

अमेरिकेत खासगी पायलटला ढगात विमान न्यायचं असेल तर नुसतं इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळवून भागत नाही, ते जागतं ठेवावं लागतं. नियम असा: गेल्या सहा कॅलेंडर महिन्यांत नुसत्या उपकरणांवर सहा ॲप्रोच केलेले असावेत, होल्डिंग केलेलं असावं, आणि रेडिओच्या किंवा उपग्रहाच्या मार्गावर येऊन तो धरून ठेवण्याचं काम झालेलं असावं. ॲप्रोच म्हणजे बाहेर काही दिसत नसताना धावपट्टीच्या तोंडाशी येण्याची आखून दिलेली वाट. होल्डिंग म्हणजे कंट्रोलरने थांबायला सांगितलं की हवेत एका ठरलेल्या बिंदूशी लांबट फेरे घालत राहणं, कारण विमानाला रस्त्याच्या कडेला उभं राहता येत नाही. एवढं लॉगबुकात असलं की तुम्ही 'करंट'. मुदत टळली तर पुढच्या सहा महिन्यांत शेजारी बाहेर नजर ठेवणारा सेफ्टी पायलट बसवून, डोळ्यांवर झापड लावून भरपाई करता येते. तीही संधी गेली की मग इन्स्ट्रक्टरपुढे नाहीतर परीक्षकापुढे बसून पुन्हा सगळं करून दाखवायचं.

नियम तसा उदार आहे. महिना पूर्ण धरतात, त्यामुळे एक एप्रिलला केलेला ॲप्रोच ३१ ऑक्टोबरपर्यंत चालतो. सहा महिने म्हणता म्हणता सात झाले. शिवाय ते सहाही ॲप्रोच एका दुपारी उरकता येतात. आमच्या सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून निघालं की डोंगर ओलांडून लिव्हरमोर, पुढे स्टॉक्टन, तिथून मोडेस्टो. तिन्हीकडे आयएलएस आहे, म्हणजे धावपट्टीपर्यंत आणून सोडणारी रेडिओची वाट. दोन चकरा झाल्या की सहा. आकाश निरभ्र, वारा मंद, झापड लावलेली, आणि विमान ऑटोपायलट चालवतोय. तरी ते मोजले जातात. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर, म्हणजे एखाद्या फ्लाइंग क्लबच्या मागच्या खोलीत खुर्चीत बसून केले, तरी मोजले जातात. किती केले हे कायदा विचारतो, कसे केले ते विचारत नाही.

मी कायद्याला नावं ठेवत नाही. एअरलाइनच्या पायलटवर लक्ष ठेवायला कंपनी असते, वेळापत्रक असतं, ठरलेल्या तारखेला सिम्युलेटर असतो. भारतात व्यावसायिक पायलटला इन्स्ट्रुमेंटची परीक्षा दर वर्षी द्यावी लागते. माझ्यासारख्या माणसावर, ज्याची नोकरी सॉफ्टवेअरची, ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज, आणि जो शनिवारी सकाळी भाड्याचं सेस्ना १७२ घेऊन निघतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही. त्याच्यासाठी सरकारने एक किमान रेघ आखून दिली, हे चांगलंच झालं. फक्त त्या रेघेवर उभं राहिलं म्हणजे आपल्याला ढगात उडता येतं, असं समजू नये. का, ते समजायला आधी कानात शिरावं लागतं.

कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव जरा मागे राहतो, त्यामुळे आतले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. मान वळवायला, जिना उतरायला, कुशीवर वळायला ही व्यवस्था उत्तम. पण वळण थांबलंच नाही, तसंच एका गतीने चालू राहिलं, तर दहावीस सेकंदांत द्रव नलिकेच्या वेगाला येतो. केस सरळ होतात. मेंदू म्हणतो, चला, सरळ झालो. विमान मात्र अजून वळतंय. आता पायलटने ते खरोखर सरळ केलं की नलिका थांबते, द्रव पुढे जात राहतो, आणि मेंदू ओरडून सांगतो की तू उलट्या बाजूला कललास. पायलट बिचारा ते ऐकून विमान पुन्हा आधीच्या बाजूला कलवतो. कललेलं विमान नाक खाली टाकतं, वेग वाढतो. वेग वाढला म्हणून तो योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, ओढतो, आणि कललेल्या विमानाचा योक ओढला की वळण आणखी आवळतं. हे चक्र जमिनीपर्यंत जातं. त्याला ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. आणि वळण अगदी हळूच, सेकंदाला दोनेक अंशांच्या आत सुरू झालं असेल, तर कानाला मुळात त्याचा पत्ताच लागत नाही.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात याची रीतसर चाचणी झाली. उपकरणांवर उडण्याचा काहीच अनुभव नसलेले वीस पायलट घेतले, त्यांना ढगातल्यासारखं आंधळं केलं, आणि विमान हातातून किती वेळात निसटतं ते मोजलं. विसांपैकी एकही वाचला नसता. एकोणीस जण त्या फिरत्या घसरणीत गेले, एकाने नाक इतकं वर नेलं की पंखांची उचलच संपली. सरासरी वेळ १७८ सेकंद. सगळ्यांत लवकर गेलेला २० सेकंदांत गेला, सगळ्यांत जास्त टिकलेला आठ मिनिटं टिकला. हा १७८ चा आकडा अमेरिकेतल्या प्रत्येक पायलटला शिकताना ऐकवला जातो. ऐकून सगळे गंभीर होतात, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग हातात पडलं की बहुतेकांना वाटतं, हा आकडा आता दुसऱ्यांसाठी.

२६ जानेवारी २०२० च्या सकाळी लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासासच्या डोंगरावर बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं. आत नऊ जण होते, त्याची तेरा वर्षांची मुलगीही. हेलिकॉप्टरचा पायलट नवशिका नव्हता. त्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं, ते शिकवण्याचा परवानाही होता. पण तो ज्या कंपनीसाठी उडायचा तिला प्रवासी घेऊन ढगात जाण्याची परवानगी नव्हती, तेव्हा त्याचं रोजचं काम मोकळ्या हवेतलं. त्या दिवशी ढग खाली उतरले होते. दरीतून वाट काढता काढता तो ढगात शिरला आणि त्याने कंट्रोलरला कळवलं की आपण ढगाच्या वर जायला चार हजार फुटांवर चढतोय. त्याच वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या शरीराने त्याला तसंच सांगितलं होतं.

माझ्या मते इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगची सगळी अडचण इथे आहे. या शिक्षणात हात फार थोडं शिकतात. शिकायचं असतं ते स्वतःच्या अंगावर अविश्वास ठेवायला. अंग सांगतंय डावीकडे कललोय, सुई सांगते सरळ आहोत. तेव्हा घामाने ओल्या झालेल्या हाताने काहीही न करता बसून राहायचं. पन्नासेक तासांत माणूस हे शिकतो. नंतर काय होतं? तो विमानातून उतरतो, गाडीत बसतो, जिने चढतो, मुलांबरोबर पळतो, आणि या सगळ्यात कान त्याला अगदी खरं खरं सांगत असतो. जमिनीवरचा प्रत्येक दिवस कानावर विश्वास ठेवण्याचा सराव असतो. इतर कौशल्यं न वापरल्याने बोथट होतात. हे कौशल्य तर आपण जागेपणी, दिवसभर, आपल्याच हाताने पुसत असतो. चार महिने उडलो नाही याचा अर्थ चार महिने थांबलो असा नाही, चार महिने उलट दिशेला चाललो.

आमच्या इथल्या मराठी मंडळात हे कोणाला सांगितलं की लगेच रियाजाची आठवण निघते. एक दिवस सोडला तर स्वतःला कळतं, दोन दिवस सोडले तर गुरूला, वगैरे. मला ते पटत नाही. माझी आत्या पुण्यात गाणं शिकवते. तिच्यापाशी मी हा विषय काढला तेव्हा तिने नेमकं बोट ठेवलं. म्हणाली, "माझा सूर उतरला तर तो मला ऐकू येतो. त्याच क्षणी. तुझं बिघडलं तर तुला कशावरून कळतं रे?"

"सुईवरून."

"आणि सुईकडे बघायचं राहिलं तर?"

तर नाही कळत. गवयाचा कान बिघाड सांगतो, पायलटचा कान बिघाड झाकतो. म्हणून रियाजाची उपमा मी आताशा कोणी दिली तर विनयाने परत करतो.

बघायचं कसं राहतं, हे सेफ्टी पायलटच्या सीटवरून छान दिसतं. डावीकडे बसलेल्याने झापड लावलेली असते. हल्ली बहुतेक जण फॉगल्स वापरतात: काचेचा वरचा भाग धुरकट केलेला चष्मा, खालच्या चौकटीतून फक्त उपकरणं दिसतात. युक्ती जुनी आहे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवर पायलट जिमी डूलिटल यांनी बंद कनातीखालून, नुसत्या उपकरणांवर, उड्डाण करून विमान पुन्हा उतरवलं, तेव्हाही पुढच्या सीटवर बेन केल्सी हे लेफ्टनंट गरज पडली तर म्हणून बसले होते. कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान कललंय की सरळ आहे ते दाखवणारं उपकरण, आणि दिशेचा जायरो ही त्या दिवसाची नवलाई. आजही माझ्या भाड्याच्या सेस्नात हीच दोन उपकरणं मध्यभागी एकाखाली एक आहेत.

तर गेल्या वसंतात मी एका मित्राचा सेफ्टी पायलट म्हणून बसलो होतो. घरी बाळ झाल्यामुळे तो बरेच दिवस उडला नव्हता. उत्तम पायलट, माझ्यापेक्षा हात हलका. पहिली दहा मिनिटं त्याचं सगळं जिथल्या तिथे होतं. मग कंट्रोलरने एकाच दमात नवी दिशा, नवी उंची आणि नवी फ्रिक्वेन्सी दिली. त्याने दिशा घेतली, उंची दीडशे फूट सुटली. उंची सावरायला गेला, दिशा दहा अंश पुढे निघून गेली. तोवर फ्रिक्वेन्सीचा शेवटचा आकडा डोक्यातून गेला होता. हाताकडे पाहिलं तर योकवरची बोटं पांढरी पडलेली. एरवी तो दोन बोटांनी उडवतो. मांडीवरच्या पाटीवरून पेन्सिल घरंगळली आणि तो ती उचलायला वाकायला लागला. विमान वळत असताना डोकं खाली घातलं तर तिन्ही नलिका एकदम ढवळून निघतात, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. मी माझी पेन्सिल त्याच्या हातात दिली. तो हसला.

म्हणजे हात गेले नव्हते. गेला होता तो नजरेचा फेरा. क्षितिज, उंची, क्षितिज, दिशा, क्षितिज, वेग. या फेऱ्यात डोळा कुठेच मुक्काम करत नाही. सराव सुटला की तो एखाद्या सुईवर जाऊन बसतो, जिथे चुकलंय तिथेच टक लावतो आणि बाकीच्या पाच गोष्टी पाठीमागे पसार होतात. आणखी एक पाहिलं: एवढ्या धावपळीत त्याचा रेडिओवरचा आवाज ठणठणीत होता. स्वच्छ, थोडक्यात, एअरलाइनच्या कॅप्टनला शोभेलसा. आवाज सगळ्यांत शेवटी बिघडतो, असं मला त्या दिवसापासून वाटतं. कंट्रोलरला काय, शेजारी बसलेल्या बायकोलाही त्यावरून काही कळायचं नाही.

झापडेची आणखी एक खोट आहे. उन्हात उडताना पॅनेलवर उजेड पडलेला असतो, आणि विमान वळलं की तो उजेड सरकतो. सावली सरकली म्हणजे आपण वळतोय, हे डोळ्याच्या कोपऱ्याला न मागता समजतं. कोणी लबाडी करत नसतं, पण मदत मिळतेच. ढगात उजेड सगळीकडून सारखा. म्हणून झापडेखाली मिळवलेला आत्मविश्वास मी अर्ध्या किमतीत धरतो.

मग खरे ढग शोधावेत म्हटलं, तर कॅलिफोर्नियात त्यांचाही दुष्काळ. हिवाळी वादळांचे ढग असतात, पण ते उंच आणि गार. त्यात पंखांवर बर्फ धरतं, आणि माझ्या सेस्नाला बर्फ झटकायची कसलीच सोय नाही. स्टॉक्टनकडच्या सखल भागात डिसेंबर-जानेवारीत टुली धुकं पडतं ते थेट जमिनीला चिकटलेलं. त्यातून उतरायला धावपट्टीच दिसत नाही. उरतो उन्हाळा. जून-जुलैत पॅसिफिकच्या थंड पाण्यावरून ढगांचा एक पातळ थर किनाऱ्यावर येऊन बसतो. रात्री आत शिरतो, सकाळी दहा-अकरापर्यंत राहतो, मग विरतो. जाडी हजारभर फूट. त्यात बर्फ नाही, विजा नाहीत, धक्के नाहीत. वर लख्ख ऊन, खाली पुरेसा उजेड, आणि मध्ये तीनचार मिनिटं शुद्ध काहीच नाही. सराव करणाऱ्याला याहून चांगला ढग मिळायचा नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी पर्यटक समुद्रावर ऊन नाही म्हणून कुरकुरत असतात, आणि आम्ही दोघं-तिघं हवामानाचा अहवाल बघून खूश होऊन विमानतळाकडे पळत असतो.

मी वॉट्सनव्हिलला जातो. मॉन्टेरेच्या उपसागराशी, टॉवर नसलेला छोटा विमानतळ. दक्षिणेकडून धावपट्टी दोनचा ॲप्रोच घ्यायचा. ढगाच्या माथ्याशी येतो तेव्हा प्रथमच वेग जाणवतो. एरवी हवेत शंभर नॉटही रेंगाळल्यासारखे वाटतात, इथे पांढरा माथा चाकांखालून सपासप मागे पळतो. मग एकदम बंद. पहिल्या पाच सेकंदांत मानेत काहीतरी होतं, नेमकं सांगता येत नाही, विमान उजवीकडे झुकल्यासारखं. क्षितिज म्हणतं सरळ. दिशेचा जायरो हललेला नाही. वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरची छोटी पंखाकृती आडवी आहे. तिघांचं एकमत झालं की मी मानेला गप्प बसवतो आणि उंची बघतो. कधी ती मान लगेच गप्प बसते, कधी थेट ढग संपेपर्यंत कुरकुरते. मी तिच्या कुरकुरीवरून स्वतःला जोखतो. लॉगबुकात तिच्यासाठी रकाना नाही, म्हणून शेऱ्यांच्या जागी बारीक अक्षरात लिहितो: मान शांत, किंवा, मान भांडली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती बहुतेक भांडते, ऑगस्टपर्यंत नरम होते. आणि मग खाली स्ट्रॉबेरीची शेतं दिसतात, प्लास्टिकने झाकलेल्या लांबच लांब सऱ्या. पाचगणीला लहानपण गेलेल्या माणसाने समुद्रसपाटीवरच्या स्ट्रॉबेरीला नाक मुरडायला हवं, पण त्या क्षणी त्या फार गोड दिसतात.

वर मी तिघांचं एकमत म्हटलं, ते मुद्दाम. 'उपकरणांवर विश्वास ठेवा' हे वाक्य अर्धवट आहे, कारण उपकरणही खोटं बोलतं. हे मुंबईकरांना सांगायला नको. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ माणसं गेली. समोर काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज म्हणून काही नाही. चौकशीचा निष्कर्ष असा की कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं, विमान नक्की कसं आहे याचा त्यांना अंदाजच उरला नाही, त्यांनी विमान डावीकडे कलवत नेलं, आणि बाकीच्या उपकरणांवरून ते सावरणं कॉकपिटमधल्या कोणाला जमलं नाही. कॅप्टन हजारो तास उडलेले होते. माझ्या वडिलांच्या पिढीला ती संध्याकाळ अजून आठवते. ते वांद्र्याच्या किनाऱ्याबद्दल बोलतात. मी तो निष्कर्ष वाचतो तेव्हा 'बाकीच्या उपकरणांवरून' या दोन शब्दांपाशी अडतो.

माझ्या इन्स्ट्रक्टरबाई या गोष्टीवर फार कडक आहेत. सत्तरीच्या पुढे वय, अजून आठवड्यातले चार दिवस उडतात. सहा महिन्यांची वाट न बघता मी अधूनमधून त्यांच्याबरोबर जातो. परीक्षेची गरज नसते तेव्हाच परीक्षेचा उपयोग होतो, हे त्यांचं मत आता माझंही आहे. त्यांच्या खिशात पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचं पुडकं असतं. ऐन ॲप्रोचमध्ये, सगळं छान जमलंय असं वाटत असताना, हात पुढे येतो आणि क्षितिजावर चिठ्ठी चिकटते. काही बोलत नाहीत. आता वळण ओळखायचं टर्न कोऑर्डिनेटरवरून, नाक वर की खाली ते वेग आणि उंची मिळून सांगणार. दोन मिनिटांनी दुसरी चिठ्ठी दिशेच्या जायरोवर. आता कंपास, तोही वळताना मागेपुढे होणारा. विमान उडत असतं, आपणच खूप कमी उरलेलो असतो.

पण त्या स्वतःच सांगतात की चिठ्ठी ही सोपी आवृत्ती. चिठ्ठी लावली म्हणजे ते उपकरण मेलं हे कळलं तरी. जायरो फिरवणारा व्हॅक्यूम पंप खरोखर बंद पडतो तेव्हा घंटा वाजत नाही. जायरोचा वेग हळूहळू उतरतो आणि क्षितिज सावकाश, अगदी खऱ्यासारखं, एका बाजूला आडवं होत जातं. ज्या क्षितिजाला प्रमाण मानून मनातला कान बंद केला, तेच आता फसवतंय. त्या वेळी कोणाचं ऐकायचं? कानाचं तर नाहीच. बहुमताचं ऐकायचं, आणि त्यासाठी सगळ्यांना विचारायची सवय आधीपासून असायला हवी. ही सवय ऑटोपायलटच्या भरवशावर केलेल्या सहा ॲप्रोचमध्ये लागत नाही. ऑटोपायलटशी माझं भांडण नाही, एकट्याने ढगात जाताना तो असावाच आणि त्याची बटणंही हाताखाली असावीत. पण ज्याने स्वतः मतं मोजलेली नाहीत त्याला ऑटोपायलट चुकतोय हेही कळणार नाही.

विमानाची तपासणी वेळच्या वेळी व्हावी यासाठी मात्र चोख व्यवस्था आहे. जीपीएसमधली माहिती दर २८ दिवसांनी बदलते. व्हीओआर, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारं उपकरण, वापरायचा असेल तर तो तीस दिवसांत तपासलेला लागतो. ढगात जायचं असेल तर अल्टिमीटर आणि त्याच्या नळ्यांची चाचणी दर चोवीस महिन्यांनी. क्लबच्या भिंतीवर तक्ता आहे, तारीख जवळ आली की ईमेल येते. माझी तारीखही त्याच तक्त्यावर आहे. माझी मान तक्त्यावर नाही.

पैशाचाही प्रश्न आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. विमानाचं भाडं इंधनासकट तासाला दोनशे डॉलरच्या घरात जातं, इन्स्ट्रक्टरचे वेगळे. म्हणून मधल्या आठवड्यांत मी जेवणाच्या टेबलावर उडतो. ॲप्रोचचा नकाशा समोर, डाव्या हातात काल्पनिक योक, उजव्या हातात थ्रॉटल म्हणून मिठाची बरणी. प्रत्येक बिंदूवर मोठ्याने म्हणायचं: टर्न, टाइम, ट्विस्ट, थ्रॉटल, टॉक. वळ, घड्याळ लाव, नवी दिशा लाव, पॉवर बदल, आणि सगळ्यांत शेवटी बोल. मग धावपट्टी दिसली नाही असं धरून पुन्हा वर चढायचं, आणि होल्डमध्ये कसं शिरायचं ते वाऱ्याची दिशा बदलून बदलून सोडवायचं. बायको लॅपटॉपवरून मान वर न करता विचारते, "उतरलास का? ताटं मांडायची आहेत."

टेबलावर नजरेचा फेरा पक्का होतो, क्रम पक्का होतो. मान तेवढी तिथे येत नाही. तिच्यासाठी ढगच लागतो. म्हणून मी स्वतःपुरते आकडे लिहून ठेवलेत. कायदा आयएलएसवर जमिनीपासून दोनशे फुटांपर्यंत, अर्ध्या मैलाच्या दृश्यतेपर्यंत खाली येऊ देतो. माझा आकडा चांगल्या दिवसांत सहाशे फूट. गेल्या दोन महिन्यांत खऱ्या ढगात हाताने उडलो नसेन तर हजार. आणि वहीत शेवटचा शेरा 'मान भांडली' असा असेल, तर त्या दिवशी मागे बसायला कोणी येणार नाही. हे आकडे घरी, चहा पिताना ठरवलेले आहेत. विमानतळावर उभं राहून, सामान मागे भरलेलं असताना, ते बदलायचे नाहीत एवढाच त्यांचा उपयोग. कोबी ब्रायंटच्या अपघाताच्या अहवालात पायलटने स्वतःवर घेतलेल्या दडपणाचा, ठरलेला बेत पुरा करण्याच्या ओढीचा उल्लेख आहे. दडपण कोणी मुद्दाम आणत नाही. मागची माणसं घड्याळाकडे एकदा बघतात, तेवढ्याने येतं.

म्हणून शेवटचं सांगणं पायलटांना नाही, मागे बसणाऱ्यांना आहे. इकडच्या मराठी घरांतून आता एखादा भाचा, एखादी सून, एखादा मित्र खासगी पायलट असतो, आणि तो तुम्हाला हौसेने विमानातून नेतो म्हणतो. निरभ्र दिवशी जरूर जा, खिडकीची जागा तुमचीच आहे. ढग असतील त्या दिवशी परवाना आहे का हे विचारू नका, तो असतोच. विचारा, ढगात हाताने शेवटचं कधी उडवलंस? त्याला प्रश्न आवडला नाही तर त्याच्याबरोबर जाऊ नका. आणि तो स्वतःहून म्हणाला की आज नको, तर लग्नाचा मुहूर्त, हॉटेलचं बुकिंग, मुलांचा हिरमोड, यातलं काहीही काढू नका. सामान गाडीत ठेवा. सॅन होजेहून लॉस एंजेलिसला गाडीने सहा तास लागतात.